‘स्टार ट्रेक’ची वही : तारखेआधी देश लिहा

चाळीस वर्षं राजारामपुरीत टीव्ही दुरुस्त करतोय, त्यामुळं ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे भाग मोजायची माझी पद्धत जरा मेकॅनिकी आहे.

वही आडवी धरा, तीन खाने पाडा : कॅनडा, अमेरिका, ब्रिटन. मूळ मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ ला लागला, पण कॅनडात सीटीव्हीनं तो ६ तारखेलाच दाखवून टाकला. बीबीसीनं १२ जुलै १९६९ ला सुरुवात केली, तीही अमेरिकेत तिसऱ्या आठवड्यात लागलेल्या भागापासून! म्हणून नुसतं ‘भाग ३’ लिहू नका, भागाचं नाव लिहा. माझी पहिली वही याच घोळात रद्दीत गेली.

लांबीचं वेगळंच. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची. पॅल ही टीव्हीची पद्धत वापरणाऱ्या ब्रिटनसारख्या देशांत टीव्हीवर ती २५ नं पळवायचे. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चढतो. कात्री लागली म्हणून मी उगाच हळहळलो होतो. बीबीसीनं काही भाग मात्र वर्षानुवर्षं दाखवलेच नाहीत. तिथं फुली मारा.

मागच्या पानावर मालिकेशी नातं सांगणारी गावं. आयोवातलं रिव्हरसाइड स्वतःला मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याचं जन्मगाव म्हणवतं, आणि गोष्टीतला हा गडी जन्मायला अजून दोनशेच्या वर वर्षं आहेत! कॅनडातल्या अल्बर्टातल्या व्हल्कनचं नाव मालिकेच्या आधीपासूनचं, पण मालिकेतल्या स्पॉकच्या ग्रहाचंही नाव तेच. म्हणून त्यांनी गावात मालिकेतल्यासारखं यानच उभारलंय. रंकाळ्यावर असलं काही उभारलं, तर पहिल्याच संध्याकाळी त्याच्या सावलीत भेळेची गाडी लागेल.