आठ जणांची कॉलेज टीम: बेळगाव भागात बास्केटबॉल आणि सेमिस्टर दोन्ही सांभाळायचं तर

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव शहरातल्या छोट्या कॉलेजची बास्केटबॉल टीम म्हणजे आठ-नऊ खेळाडू, एक सिमेंटचं कोर्ट, तीन-चार बॉल आणि कबड्डीपासून अॅथलेटिक्सपर्यंत सगळंच एकट्याने बघणारे पी.डी. (फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाचे) सर. स्कोअरशीटवर 12 नावं बसतात, आपली आठच असतात. अशी टीम बहुतेक वेळा कोर्टावर उतरायच्या आधीच हरते: एकाचे कागद अपुरे, दुसऱ्याची हजेरी कमी, तिसऱ्याचा घोटा सुजलेला. आठातले तीन गेले की राहिलेल्या पाचांना चाळीस मिनिटं बसायला मिळत नाही. म्हणून इथे शूटिंगच्या आधी कागदांचं बोलू.

कागद जुलैतच

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा एलिजिबिलिटी फॉर्म भरायला जन्मतारखेसाठी दहावीचं मार्क्स कार्ड, सेकंड पीयूसीचं (कर्नाटकातली बारावी) किंवा महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीचं मार्क्स कार्ड, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं आयडी, आधार आणि पासपोर्ट फोटो लागतात. फोटोवर अर्धा शिक्का आणि प्राचार्यांची सही हवी. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत जायचं असेल तर 17 ते 25 ही वयोमर्यादा लागू होते. प्रत्येकाचे झेरॉक्सचे दोन संच एका प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून ते फोल्डर कॅप्टनकडे ठेवा. मूळ कागद मॅचच्या दिवशी ज्याचे त्याच्या हातात पाहिजेत, कारण समोरच्या टीमने हरकत घेतली तर झेरॉक्स चालत नाही.

सीमाभागातली खास अडचण नावाची. चंदगड किंवा गडहिंग्लजकडून आलेल्या मुलाच्या महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि पूर्ण नाव असतं. इथल्या एस.एस.एल.सी.वर (कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या कार्डावर) अनेकदा नावापुढे नुसती आद्याक्षरं, आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अॅफिडेव्हिट नोटरीकडून करून घ्या आणि संचात लावा. महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्याने मायग्रेशन सर्टिफिकेट प्रवेशाच्या वेळीच दिलंय ना, हेही तपासा. ते राहिलं की रजिस्टर नंबर अडकतो, आणि नंबराशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी यातलं काहीही होत नाही.

हजेरीचं गणित

पदवी कॉलेजात साधारण 75 टक्के हजेरी लागते, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंग कॉलेजात 85 टक्के. एका विषयाचे सेमिस्टरला 50 तास धरले तर 75 टक्क्यांसाठी 38 तासांना बसावं लागतं, म्हणजे सूट 12 तासांची. 85 टक्क्यांत ती सूट सातावर येते. त्यात स्पर्धेचे चार-पाच दिवस, एखादा ताप आणि गावची जत्रा बसवायची असते. म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या दोन महिन्यांत एकही तास बुडवू नका. सूट पुढे लागते.

ऑन ड्यूटीचं पत्र, म्हणजे मॅचसाठी बुडालेल्या तासांची हजेरी धरायला लागणारं पत्र, स्पर्धेच्या आधी काढून घ्या. त्यावर खेळाडूंची नावं, रजिस्टर नंबर, तारखा आणि पी.डी. सर व प्राचार्यांची सही असावी, आणि प्रत्येक विभागप्रमुखांना एकेक प्रत द्यावी. परत आल्यावर त्याच आठवड्यात सहभागाचं प्रमाणपत्र जोडून द्या. सेमिस्टरच्या शेवटी एकदम पाच पत्रं घेऊन गेलात तर सरांनी नाही म्हटलं म्हणून तक्रार करायला जागा उरत नाही. सरावासाठी ऑन ड्यूटी मिळत नाही, ती फक्त मॅचसाठी. इंटर्नल टेस्ट आणि मॅच एकाच दिवशी येत असेल तर तारखा कळताच त्या विषयाच्या सरांना भेटून फेरपरीक्षेचं विचारा. आधी विचारलेल्याला बहुतेक शिक्षक सांभाळून घेतात.

सरावाची वेळ सकाळी 6 ते 7.15 ठेवावी. संध्याकाळी खानापूर किंवा हुक्केरीकडे जाणाऱ्यांचा जीव शेवटच्या बसमध्ये अडकलेला असतो आणि टीम अर्ध्यावर येते. गावाहून येणाऱ्याला सकाळी सहाची वेळ गाठताच येत नसेल तर आठवड्यातून दोन रात्री त्याची मुक्कामाची सोय शहरातल्या एखाद्या खेळाडूकडे लावा. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी दहाला झोपणं हा सरावाचाच भाग समजावा.

आधी कोर्ट मोजा

हे काम फार थोड्या टीम करतात आणि त्याचा फायदा सगळ्यात मोठा. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली आणि रिंगखालचा खाली रुंद होत जाणारा कप्पा जाऊन तिथे सरळ चौकोन आला. जुन्या सिमेंट कोर्टावर अजून जुनेच पट्टे दिसतात. वर्षभर 6.25 वरून मारणारा खेळाडू स्पर्धेच्या कोर्टावर गेला की त्याचा बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटत राहतो, आणि आज आपला दिवस नाही असं त्याला वाटतं. दिवसाचा दोष नसतो. अर्धा मीटर कमी पडतोय.

पन्नास फुटी टेप, न ताणणारी सुतळी, खडू आणि दोघे जण घ्या. बेसलाइनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून बरोबर मध्यभागी 1.575 मीटर आत खूण करा. रिंगचा मध्य या खुणेच्या नेमका वर यायला हवा. रिंगमधून ओळंबा सोडून ते पाहून घ्या. तिथे सुतळीचं एक टोक धरा, 6.75 मीटरवर खडू बांधा आणि कमान ओढा. दोन्ही बाजूंना साइडलाइनच्या आतल्या कडेपासून 90 सेंटिमीटर अंतरावर सरळ रेषा घ्या. बेसलाइनपासून 2.99 मीटरवर ती कमानीला मिळते. मिळाली नाही तर मधली खूण चुकली आहे किंवा सुतळी ताणली गेली आहे. फ्री थ्रोची रेषा बेसलाइनच्या आतल्या कडेपासून 5.80 मीटर, कप्प्याची रुंदी 4.90 मीटर. खडूची खूण पटली की ऑइल पेंटने रंगवा. एका बाजूचं काम सकाळभरात होतं.

रिंगची उंचीही मोजा: जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत 3.05 मीटर. कोर्टावर नव्या सिमेंटचा थर पडला असेल तर रिंग तेवढी खाली आलेली असते. सैल बोल्ट आवळून घ्या, कारण सैल रिंग बॉल मऊपणे झेलते आणि घट्ट रिंगवर तोच शॉट बाहेर उडतो. जाळी फाटली असेल तर वर्गणी काढून लगेच बांधा. जाळी नसली की बोर्डाजवळून गेलेला बॉल आत गेला की बाहेरून, यावरून रोज भांडण.

बॉल मुलांसाठी 7 नंबर, मुलींसाठी 6 नंबर. सिमेंटवर रबरी बॉलच वापरा, चामड्याचा बॉल तिथे लवकर खरवडून जातो. पण स्पर्धेत बहुधा कॉम्पोझिट बॉल येतो आणि त्याची पकड वेगळी लागते, म्हणून तसा एक बॉल राखून ठेवून शेवटचे पंधरा दिवस त्यावरच फ्री थ्रो मारा. हवा तपासायला बॉल सहा फुटांवरून सोडा. तो साधारण चार ते साडेचार फूट वर यायला हवा. त्याहून जास्त उसळला तर रिबाउंड (रिंगला किंवा बोर्डाला लागून परत आलेले बॉल) लांब उडतात आणि सरावाचा अंदाजच चुकतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर खानापूरकडे तर कोर्ट सुकतच नाही. ओल्या सिमेंटवर शेवाळ धरतं, आणि बहुतेक घोटे तिथेच मुरगळतात. ऊन पडलं की ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासा, धुवा, वायपरने पाणी काढा. बुटाचा रबरी तळवा कोर्टावर घासल्यावर चिकटतो का पाहा. घसरत असेल तर त्या दिवशी पळणं बंद. अशा दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये 40 मिनिटं पुरतात: भिंतीवर दोन्ही हातांनी पास प्रत्येकी 50, जागेवर ड्रिबल दोन्ही हातांनी तीन-तीन मिनिटं, डिफेन्सच्या बसक्या अवस्थेत 30 सेकंदांच्या सहा सरकत्या फेऱ्या, मग स्क्वॅट 15 चे तीन सेट आणि एका पायावर टाच उचलणं 15 चे तीन. टाच उचलण्याचा कंटाळा करू नका, घोट्याचं खरं रक्षण त्यातच आहे.

ओले बूट उन्हात ठेवले की गम सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. तळव्यावरची नक्षी पुसली की बूट बदला, वरून कितीही चांगले दिसोत.

सात-आठ जणांत सराव

पाच विरुद्ध पाच होत नाही म्हणून नुसतं शूटिंग करत बसणं ही छोट्या टीमची सवय असते, आणि तिनेच नुकसान होतं. 75 मिनिटांचं असं जमवा. पहिली 10 मिनिटं वॉर्म-अप, त्यात शेवटी उडी मारून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरण्याचे दहा प्रयत्न. मग 10 मिनिटं दोन्ही हातांनी ले-अप (पळत येऊन रिंगजवळून टाकलेला बॉल). त्यानंतर 20 मिनिटं अर्ध्या कोर्टात तीन विरुद्ध तीन: पहिली दहा ड्रिबलशिवाय, पुढची दहा प्रत्येकी दोनच ड्रिबल. ड्रिबल बंद झालं की बॉल नसलेले खेळाडू आपोआप पळायला लागतात. 15 मिनिटं पूर्ण कोर्टात चार विरुद्ध तीन फास्ट ब्रेक, 10 मिनिटं झोन डिफेन्सच्या (प्रत्येकाने खेळाडूऐवजी आपली जागा राखायच्या) हालचाली, आणि अखेरची 10 मिनिटं फ्री थ्रो. फ्री थ्रो दमल्यावरच घ्या, दोन-दोन मारून जागा बदलत, वहीत आकडा लिहून. छोट्या टीमच्या मॅच दोन-चार गुणांनी जातात आणि ते गुण या रेषेवरच सांडलेले असतात.

आठवड्यातून चार दिवस कोर्ट, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती. सहा दिवस उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही.

एकाच टीममध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे असतील तर कोर्टावरच्या हाका आधीच ठरवा. एक जण 'डावीकडे' ओरडतो, दुसरा 'बलक्के' (कन्नडमध्ये उजवीकडे), आणि स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या खेळाडूवर, आपटतो तिसराच. लेफ्ट, राइट, स्विच, हेल्प हे चार शब्द सगळ्यांनी तेच वापरायचे.

खाणं आणि प्रवास

60 किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. पावडरचा डबा न घेताही ती भागतात: अंड्यातून सहा ग्रॅम, पाव लिटर दुधातून आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ, वर दोन्ही वेळची मटकीची उसळ किंवा डाळ आणि भाकरी. मेसची भाजी नुसतं पाणी असेल तर शेंगाचटणी आणि दही स्वतःचं ठेवा. मॅचच्या तीन तास आधी भात-वरण किंवा चपाती, तासभर आधी एक केळं. बसस्टँडवरची मिरची भजी मॅच संपल्यावर. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी प्या. जास्त घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मुलींच्या टीमने प्रवासाचा हिशेब वेगळा करावा. जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून कर्नाटकातल्या मुलींना तिकीट नाही, पण कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. चंदगडच्या पत्त्याच्या मुलीला तिकीट पडतं, आणि कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ही सवलत लागू नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला काढा.

मॅचच्या दिवशी

फिकट आणि गडद असे जर्सीचे दोन संच न्या. कार्यक्रमात ज्या टीमचं नाव आधी, तिने फिकट घालायची असते. दोन संच परवडत नसतील तर उलटसुलट घालता येणारी जर्सी शिवून घ्या. वेळेनंतर 15 मिनिटांत पाच खेळाडू कोर्टावर तयार नसतील तर मॅच समोरच्याला जाते, म्हणून सगळ्यांनी एकाच बसने या.

सात-आठ जणांत फाउल पैशासारखे मोजून वापरा. पाच वैयक्तिक फाउलला खेळाडू बाहेर जातो, आणि क्वार्टरमध्ये टीमचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झालेल्याला दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत बाकावर बसवा. पूर्ण वेळ मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेका खेळाडूमागे राहणं) खेळायला पाय पुरत नाहीत, तेव्हा 2-3 झोन ठेवा, म्हणजे पुढे दोघे आणि रिंगजवळ तिघे. त्याची कमजोरी कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट आणि रिबाउंड. शॉट उडाला की बॉलकडे न बघता आधी जवळच्या खेळाडूला पाठीने अडवायचं, मग उडी. पहिल्या हाफचे दोन टाइम-आउट दुसऱ्या हाफला मिळत नाहीत, म्हणून ते श्वास घ्यायला खुशाल वापरा. दुसऱ्या हाफच्या तिनांपैकी दोन शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखा.

घोटा मुरगळला तर

खेळ तिथेच थांबवा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. नाहीतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन दिवस. क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. तेलाने चोळणं, शेक देणं आणि पाय ओढून घ्यायला कुणाकडे जाणं टाळा. फाटलेले तंतू आणखी फाटतात आणि सूज वाढते. वाकलेलं बोटही ओढू नका, शेजारच्या बोटाला टेपने बांधा.

दुखणं थांबणं आणि घोटा बरा होणं यात बरंच अंतर असतं. दुखऱ्या पायावर डोळे मिटून 30 सेकंद उभं राहता येतं, त्याच पायावर 20 उड्या कळ न येता होतात आणि पूर्ण वेगात आठचा आकडा काढत पळता येतं, तेव्हाच सरावाला घ्या. पहिले दोन आठवडे क्वार्टरला चार-पाच मिनिटंच खेळवा, आणि लेसचा घोटापट्टा सीझन संपेपर्यंत प्रत्येक सरावाला घालायला लावा.