कुलेशोव शिकताना: ‘एडिटला बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

एडिटिंग शिकायला आलं की लेव कुलेशोव हा सोव्हिएत दिग्दर्शक आणि शिक्षक पहिल्याच आठवड्यात भेटतो, त्याच्या गाजलेल्या प्रयोगामुळे. मोझ्झुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी सूपची थाळी, कधी शवपेटी, आणि प्रेक्षकाला दर वेळी दिसणारा वेगळा भाव. हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मूळ प्रयोगाची फिल्म आज उपलब्ध नाही. नेटवरच्या क्लिपमधल्या फ्रेम मोजत बसू नका.

खरा खड्डा पुढे आहे. यातून बहुतेक जण एवढंच उचलतात की अर्थ जोडणीत असतो, म्हणजे शॉट कसाही चालेल. सेटवर नजरेची दिशा चुकली, नट अडखळला, की ‘एडिटला बघू’. मग मध्यरात्री एडिटिंगच्या टाइमलाइनवर कळतं की बोलणारा उजवीकडे बघतोय आणि ऐकणाराही उजवीकडेच. असल्या फुटेजसमोर मी रात्री घालवल्या आहेत, त्याचा ताण अजून अंगात आहे. ते जुळत नाही. वर संगीत टाकलं तरी नाही.

कुलेशोवनं असं कधीच शिकवलं नाही. 1899 साली तांबोवला जन्मलेला हा माणूस विशीच्या आतच दिग्दर्शक बाउअरच्या सिनेमांचे सेट उभारत होता. 1919 मध्ये मॉस्कोत फिल्म स्कूल निघालं आणि तिथे त्याची कार्यशाळा सुरू झाली. पुदोवकिन, बार्नेट हे दिग्दर्शक तिथेच घडले. रशियातल्या यादवी युद्धामुळे कच्ची फिल्म मिळेना, तर त्यांनी फिल्मशिवायच सिनेमे बसवले: एकेक शॉट रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर. नटांच्या हालचाली चौकटीवर आखलेल्या जाळीच्या रेषांवरून घोटून घेतल्या जात. शॉट अक्षरासारखा झटकन वाचता आला पाहिजे, हा त्याचा हट्ट. जोडणीची महती सांगणारा हा माणूस सगळी मेहनत जोडणीच्या आधी करून घेत होता!

त्याचा भूगोलाचा प्रयोग घ्या. खोख्लोवा ही नटी आणि ओबोलेन्स्की हा नट मॉस्कोत वेगवेगळ्या ठिकाणी चालताना दिसतात, गोगोलच्या पुतळ्यापाशी भेटतात, बोट दाखवतात आणि समोर वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस, एका अमेरिकन फिल्ममधून घेतलेलं. मग चढतात त्या पायऱ्या मात्र मॉस्कोतल्या कॅथेड्रलच्या. पावलांची आणि नजरेची दिशा जुळली नसती तर हा भूगोल उभाच राहिला नसता.

म्हणून शॉर्टकट शिकवणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. गुरू असा शोधा, जो तुमचं फुटेज बघून ‘जा, पुन्हा शूट करून आण’ म्हणेल. तो छळतो असं वाटेल, वाटू द्या.

आणि घाबरू नका, हे जमतं. महागडा कॅमेराही लागत नाही. कुलेशोवचा 1926 चा ‘बाय द लॉ’ बघा. जॅक लंडनच्या कथेवरचा, अगदी थोड्या पैशांत केलेला सिनेमा. दोन खून झाल्यावर एका झोपडीत अडकलेली तिघं, त्यांतला एक खुनी, आणि बाहेर पुराचं पाणी. पहिल्यांदा सलग बघा. मूकपटच आहे, तर दुसऱ्यांदा पार्श्वसंगीतही बंद ठेवून फक्त खोख्लोवाचे हात बघा. तिसऱ्यांदा कागद घ्या आणि प्रत्येक कटवर कोण कुठल्या बाजूला बघतंय, एवढंच बाण काढून टिपा. ते बाण झाल्यावरच तुमच्या पुढच्या शूटची शॉट डिव्हिजन, म्हणजे कुठला शॉट कसा घ्यायचा याची यादी, लिहायला घ्या.