नवं कार्ड आणि गिरगावातला मे महिना

आरटीएक्स ५०७० हे गेमिंगसाठीचं ग्राफिक्स कार्ड मार्च २०२५ मध्ये आलं, जाहीर किंमत ५४९ डॉलर. लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात भाव ऐकला तर साठ हजारांच्या पुढे. अमेरिकेतल्या किमतीत कर धरलेला नसतो, इथे १८ टक्के जीएसटी लागतो, हे माहीत असूनही पोटात गोळा आलाच. घेतलं.

मे महिन्यात गेम सुरू केला की दहा मिनिटांत ८४ अंश आणि पंख्यांचा असा घरघराट की आई आतून ओरडली, "अरे, मिक्सर बंद कर!" कार्डच खराब, अशी माझी खात्री झाली होती. सहज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजूची काच काढली, तापमान थेट ७५ वर. म्हणजे कार्ड निर्दोष, हवाच पोचत नव्हती. कॅबिनेट मी टीव्हीच्या कपाटात कोंबलं होतं. २५० वॉटची शेगडी बंद कपाटात पेटवल्यासारखं. पुढची जाळी काढली तर त्यावर दमट धुळीचा चक्क नमदा! नळाखाली धुतली, रात्रभर वाळवली. कॅबिनेट बाहेर काढून टेबलावर ठेवलं, पुढे १४० मिमीचे दोन पंखे लावले.

खरी गंमत अंडरव्होल्टिंगची, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवण्याची. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडला, ०.९ व्होल्टला २६०० मेगाहर्ट्झचा बिंदू धरला, पुढची रेघ सपाट केली. पहिल्यांदा जास्त हाव धरली तेव्हा गेम बंद पडला, मग थोडं खाली आलो. आता वीज १९० वॉटच्या आसपास, गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स जवळपास तेवढ्याच, तापमान ६७. एसी नाही, नुसता छताचा पंखा.