खासगी पार्किंगचं पत्र आलं तर: इंग्लंडमधल्या आपल्या लोकांसाठी

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी फराळाचं सामान आणायला आमची गाडी गावाबाहेरच्या रिटेल पार्कमध्ये गेली. सकाळी १०:०५ ला आत, १०:४० ला बाहेर. घरी येऊन करंज्यांचं पीठ भिजवायला घेतलं तर मैदा पुरेना. दुपारी मुलाला पोहण्याच्या क्लासला सोडलं, आणलं, आणि येताना गाडी पुन्हा तिथेच: ३:१० ला आत, ३:४५ ला बाहेर. तिथे तीन तास पार्किंग फुकट आहे. आठवड्याभरात नवऱ्याच्या नावाने पत्र आलं. गाडी ५ तास ४० मिनिटं उभी होती म्हणे. १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०.

नवरा म्हणाला, "साठ भरून टाकू, कटकट नको." आपल्यातली बहुतेक मंडळी हेच करतात, विशेषतः व्हिसावर असलेली. पत्र दिसायलाच सरकारी, वर ठळक अक्षरात पीसीएन. पण ही अक्षरं दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. कौन्सिलचं असतं ते 'पेनल्टी चार्ज नोटिस', तो खरा दंड, त्याचे नियम वेगळे. खासगी कंपनीचं असतं ते 'पार्किंग चार्ज नोटिस'. म्हणजे तुम्ही आमच्या जागेचा करार मोडलात, त्याचे पैसे द्या, अशी मागणी. हा गुन्हा नाही. लायसन्सवर पॉइंट येत नाहीत, पोलिसांशी काही संबंध नाही. म्हणून आधी पत्राचं शीर्षक नीट वाचा.

दुसरं टोक म्हणजे पत्र फाडून टाकणं. "खासगी आहे ना, मग दुर्लक्ष कर" हा सल्ला जुन्या लोकांकडून अजून ऐकू येतो. तो आता धोक्याचा आहे. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टने खासगी जागेवर चाकाला जॅमर लावायला बंदी घातली, पण त्याच कायद्याने गाडी ज्याच्या नावावर आहे त्या 'कीपर'कडून पैसे मागायची सोयही कंपन्यांना करून दिली. आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चेल्म्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधला ८५ पौंडांचा चार्ज योग्य ठरवला. तिथे दोन तास फुकट होते, गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली होती. त्यामुळे "एवढी मोठी रक्कम बेकायदा आहे" एवढ्या एका मुद्द्यावर आता कोणी जिंकत नाही. मुद्दा आपल्या प्रकरणातला हवा.

आमचा मुद्दा फोटोतच होता. पत्रात दोन फोटो: सकाळी आत येतानाचा आणि दुपारी बाहेर पडतानाचा. मधले दोन नव्हते. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे कधीकधी एखादी फेरी चुकवतात, आणि मग यंत्र पहिली एन्ट्री आणि शेवटची एक्झिट जोडून एकच मुक्काम दाखवतं. एका दिवसात दोनदा जाणाऱ्यांच्या बाबतीत हे घडतं. मी दुपारचा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या काचेशी पोराचा निळा टॉवेल पसरलेला होता, ओला म्हणून सीटवर न ठेवता तिथे टाकलेला. गाडी मधल्या वेळात पोहण्याच्या तलावावर जाऊन आली होती, हे त्यांच्याच फोटोत दिसत होतं.

मग पुरावे गोळा केले. सकाळची पावती, वेळेसकट. तलावावरच्या हजेरीचा ईमेल. फोनच्या नकाशातली त्या दिवसाची टाइमलाइन, घर आणि तलाव दोन्ही दाखवणारी. दुपारची मैद्याची पावती कचऱ्यात गेली होती, तेव्हा बँकेच्या ॲपमधल्या नोंदीचा स्क्रीनशॉट घेतला. पत्र आलं त्याच दिवशी हे सगळं करा. महिन्याने काहीच हाताशी राहत नाही. त्या दिवशीच्या तुमच्या नंबरच्या सगळ्या नोंदी कंपनीकडे माहिती-संरक्षण कायद्याखाली मागता येतात. ते फुकट असतं, आणि त्यांना साधारण महिन्याभरात द्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कोण चालवत होतं हे सांगू नका. खासगी कंपनीला ते सांगायचं बंधन कीपरवर नाही. कंपनीने कायद्यातल्या अटी आणि मुदती पाळल्या असतील तरच ती चालकाऐवजी कीपरला धरू शकते. "मी गाडी लावली" असं एकदा लिहिलंत की ते संरक्षण तुम्ही स्वतःच सोडून दिलंत. मराठीत आपण सहज "गाडी लावली होती" म्हणतो, कर्ता कुठेच येत नाही. इंग्रजीत मात्र वाक्याच्या सुरुवातीलाच 'आय' येतो, आणि आपली माणसं तिथेच फसतात. प्रत्येक वाक्यात 'द ड्रायव्हर' किंवा 'द व्हेइकल' लिहा. खोटं काही लिहायचं नाही, फक्त जे सांगायचं बंधन नाही ते सांगायचं नाही. वर मीसुद्धा चालकाचा उल्लेख केलेला नाही.

मुदत मोजायची ती अशी. काचेवर तिकीट न लावता थेट पोस्टाने पत्र पाठवलं असेल, तर ते पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत कीपरला पोचायला हवं. १ तारखेचं पार्किंग असेल तर १५ तारखेपर्यंत. पोस्टात टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी ते पोचलं असं धरतात. म्हणजे १४ तारखेला निघालेलं पत्र उशिराचं, आणि मग कीपरवर जबाबदारी येत नाही. पाकीट फेकू नका. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं आहे, स्कॉटलंडला लागू नाही.

अपील करायच्या आधी एक सोपा प्रयत्न: दुकानाच्या मॅनेजरला पावती दाखवा. जागेच्या मालकाने सांगितलं की कंपनी बरेचदा चार्ज मागे घेते. आमच्या दुकानाने हात वर केले, पण मैत्रिणीचं काम तेवढ्यावर झालं. तिने मशीनवर नंबर टाकताना शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' दाबला होता.

अपील कंपनीच्या वेबसाइटवर २८ दिवसांत करायचं. थोडक्यात, तारखा-वेळा देऊन, रागाचा एक शब्दही न लिहिता. उशीर दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तेही लिहा, वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सूट त्यांच्या स्वतःच्या आचारसंहितेत आहे. आमच्या अपिलाला नकार आला, छापील मजकूर, टॉवेलचा उल्लेखही नाही. इथे पुष्कळजण खचतात आणि पैसे भरतात. थांबा. नकारासोबत स्वतंत्र लवादाकडे जायचा मार्ग द्यावा लागतो. कंपनी बीपीए या पार्किंग कंपन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तर पॉप्ला हा लवाद, आयपीसी या दुसऱ्या संघटनेची असेल तर आयएएस. पॉप्लाला २८ दिवस मिळतात, फी नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. साठ पौंडांची सवलत मात्र तिथे गेल्यावर जाते, तेव्हा मुद्दा पक्का असेल तरच जा. आम्ही पॉप्लाकडे सगळे पुरावे टाकले, आणि जागामालकाशी झालेला करार दाखवा, फलकांचे फोटो दाखवा, अशी मागणीही केली. कंपनीने उत्तरच दिलं नाही. अपील मंजूर झालं.

हरलात किंवा अपील राहून गेलं तर वसुली एजन्सीची पत्रं सुरू होतात, वर ७० पौंडांपर्यंत वाढवून. हे लोक बेलिफ नाहीत. दारात येऊन काही उचलून नेऊ शकत नाहीत. पण 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं इशारापत्र, आलं तर ३० दिवसांत उत्तर द्या. आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर सगळं बाजूला ठेवून आधी त्याला हात घाला. १४ दिवसांत पोच दिलीत की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. उत्तर न देता राहिलात तर निकाल आपोआप तुमच्याविरुद्ध जातो. तो महिन्याभरात फेडला नाही तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो.

मंडळातल्या एका कुटुंबाला हे घराच्या कर्जासाठी अर्ज केल्यावर कळलं. पत्रं सगळी जुन्या भाड्याच्या घरी जात होती. कंपन्या कीपरचा पत्ता डीव्हीएलए या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून घेतात, आणि घर बदलताना गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीपत्रावरचा) पत्ता बदलायचा राहून गेला होता. त्यासाठी वेगळा १००० पौंडांपर्यंत दंडही होऊ शकतो. पत्ता बदलणं फुकट आहे, ऑनलाइन होतं. लायसन्सवरचा बदलला म्हणून लॉगबुकवरचा बदलत नाही, दोन्ही वेगळे करावे लागतात. कपाटातून लॉगबुक काढा आणि आजच बघा.