‘दूध संपलं’ इंग्रजीत कसे सांगावे: ‘रन आउट ऑव्ह’चा रोजचा वापर

सकाळी चहाचे आधण ठेवावे, फ्रिज उघडावा आणि दुधाची पिशवी रिकामी निघावी, की मराठी घरात एकच वाक्य ऐकू येते: ‘दूध संपलं.’ हेच वाक्य इंग्रजीत सांगा म्हटले, तर माझ्या वर्गातील बहुतेक जण ‘मिल्क इज ओव्हर’ किंवा ‘मिल्क गॉट फिनिश्ड’ असे म्हणतात. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि सोसायट्यांत ते सर्वांना समजते, त्यामुळे मी त्याला नावे ठेवणार नाही, परंतु इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानाला ते खटकते, कारण त्यांच्या लेखी ‘ओव्हर’ होतो तो सामना, तास किंवा समारंभ, दूध नव्हे. ते म्हणतात, ‘वी हॅव रन आउट ऑव्ह मिल्क.’

या वाक्यात आपली गाडी अडते ती शब्दांमुळे नव्हे, कर्त्यामुळे. मराठीत संपते ते दूध; माणूस वाक्यात असलाच तर ‘आमच्याकडचं’ एवढ्यापुरता असतो. इंग्रजीत मात्र घरातली माणसे कर्त्याच्या जागी येतात आणि दूध वाक्याच्या शेवटी, ‘ऑव्ह’नंतर जाते. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी ‘काय संपले?’ असे न विचारता ‘कोणाकडचे संपले?’ असे मनाशी विचारावे. जे उत्तर येईल, त्यानेच वाक्याची सुरुवात करावी. दुकानातली अंडी संपली असतील, तर ‘द शॉप हॅज रन आउट ऑव्ह एग्ज’. आमच्याकडचे तांदूळ संपले असतील, तर ‘वी हॅव रन आउट ऑव्ह राइस’. तिच्या रजा संपल्या असतील, तर ‘शी हॅज रन आउट ऑव्ह लीव्ह’.

परदेशी पाहुणे उतरतात अशा एका घरगुती निवासात स्वयंपाक पाहणाऱ्या एक ताई माझ्या वर्गाला येत. नियम त्यांना पाठ होता, तरी घाईत तोंडून निघायचे, ‘शुगर हॅज रन आउट ऑव्ह.’ शेवटी आम्ही साखरेचा रिकामा डबा टेबलावर ठेवला. आधी हात स्वतःच्या छातीवर ठेवून ‘वी’ म्हणायचे, मग ‘हॅव रन आउट ऑव्ह’ म्हणत तोच हात डब्याकडे न्यायचा आणि डब्याला बोट लागले की ‘शुगर’ म्हणायचे. दहा-बारा वेळा असे केल्यावर क्रम त्यांच्या अंगवळणी पडला. घरी एकट्याने सराव करणाऱ्यांनाही मी हाच उपाय सांगतो.

वस्तूच कर्ता ठेवायची असेल, तर तीही सोय आहे: ‘द मिल्क हॅज रन आउट.’ येथे ‘ऑव्ह’ येत नाही, कारण त्याच्यानंतर यायचा शब्द आधीच येऊन गेलेला असतो. समोरच्याला विषय ठाऊक असेल, तर नुसते ‘सॉरी, वी हॅव रन आउट’ म्हटले तरी पुरते. माणूस कर्ता असताना ‘ऑव्ह’नंतरची वस्तू सहसा अनेकवचनी किंवा न मोजता येणारी असते आणि तिच्याआधी ‘द’ लावत नाहीत: ‘रन आउट ऑव्ह द एग्ज’ नव्हे, ‘रन आउट ऑव्ह एग्ज’.

लिहिताना एक काळजी घ्यावी. मराठीत आपण दोन वेगळे इंग्रजी शब्द ‘ऑफ’ असेच लिहितो, आणि म्हणून वहीत एका ‘एफ’च्या जागी दोन ‘एफ’ पडतात. येथे हवा आहे तो एका ‘एफ’चा, ज्याचा उच्चार ‘व्ह’कडे झुकतो, या लेखात मी मुद्दाम ‘ऑव्ह’ लिहिले आहे ते त्यासाठीच.

आता काळ. क्रियापदाची तीन रूपे ‘रन, रॅन, रन’ अशी आहेत, त्यामुळे ‘हॅव रॅन आउट’ ही हमखास होणारी चूक टाळावी. वस्तू संपलेली आहे आणि त्याची अडचण आत्ता जाणवते आहे, तेव्हा ‘वी हॅव रन आउट ऑव्ह पेट्रोल’. काल घडलेला प्रसंग सांगताना ‘वी रॅन आउट ऑव्ह पेट्रोल निअर खंबाटकी घाट’. आणि पुढची भीती सांगताना ‘वी विल रन आउट ऑव्ह वॉटर बाय इव्हिनिंग’. सर्वांत उपयोगाचे, पण सर्वांत कमी वापरले जाणारे रूप म्हणजे ‘संपत आलंय’चे. मराठीतल्या ‘आलंय’मुळे आपण पूर्ण काळाकडे ओढले जातो, पण इंग्रजीत येथे चालू काळ लागतो: ‘वी आर रनिंग आउट ऑव्ह तूरडाळ.’ डाळ अजून आहे, पण तळाला गेली आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका ‘रनिंग’मध्ये येतो.

हे रूप हाती आले, की मराठीतले प्रत्येक ‘संपणे’ त्यात कोंबण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. आपले ‘संपणे’ फार मोठ्या मनाचे क्रियापद आहे. त्यात दूध, चित्रपट, सुट्टी, अभ्यास, मुदत असे सारे मावते. ‘रन आउट ऑव्ह’ मात्र साठ्याविषयी बोलते: जवळ काही शिल्लक होते, ते वापरत गेलो आणि गरज असताना उरले नाही. म्हणून पुस्तक वाचून संपले तर ‘आय हॅव फिनिश्ड द बुक’, चित्रपट संपला तर ‘द फिल्म इज ओव्हर’, पासपोर्टची मुदत संपली तर ‘माय पासपोर्ट हॅज एक्स्पायर्ड’. दिवाळीची सुट्टी संपली तर ‘द हॉलिडेज आर ओव्हर’. पण कार्यालयातील हक्काच्या रजा संपल्या तर मघाचेच ‘रन आउट ऑव्ह लीव्ह’, कारण त्या साठ्यासारख्या खात्यावर जमा असतात. घरातला गॅस संपला तर आपल्याकडे ‘वी हॅव रन आउट ऑव्ह गॅस’ अगदी योग्य आहे. अमेरिकन माणसाला मात्र त्यातून गाडीतले पेट्रोल संपल्याचा अर्थ लागेल, तेव्हा त्याच्यापाशी ‘द कुकिंग गॅस सिलिंडर इज एम्प्टी’ म्हणणे बरे.

साठा दिसणाराच हवा असे नाही. वेळ, संयम, सबबी, कल्पना हेही संपतात: ‘वी आर रनिंग आउट ऑव्ह टाइम’, ‘ही हॅज रन आउट ऑव्ह एक्स्क्यूजेस’. मुलाखतीत उत्तर अर्ध्यावर थांबले, तर त्या अवस्थेचे नेमके वर्णन ‘आय रॅन आउट ऑव्ह थिंग्ज टू से’ असे होते. बोलायला काही उरले नाही, एवढेच ते सांगते.

क्रिकेटमधला ‘रन आउट’ मात्र वेगळा. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात गप्टिलच्या फेकीवर धोनी ५० धावांवर धावचीत झाला, ते ‘धोनी वॉज रन आउट’ किंवा ‘गप्टिल रॅन धोनी आउट’ असे सांगतात. येथे ‘वॉज’ चालते आणि दोन शब्दांच्या मध्ये खेळाडूचे नावही बसते. दुधाच्या बाबतीत यातले काहीच चालत नाही: ‘मिल्क वॉज रन आउट’ चूक आणि ‘वी रॅन मिल्क आउट’ही चूक.

सरावासाठी वही नको, स्वयंपाकघरातली मांडणी पुरे. रोज रात्री तीन डबे उघडावेत आणि प्रत्येकाविषयी खरे असेल तेच वाक्य मोठ्याने म्हणावे. मिठाचा डबा भरलेला असेल, तर ‘वी हॅव इनफ सॉल्ट’. पोह्यांचा तळ दिसत असेल, तर ‘वी आर रनिंग आउट ऑव्ह पोहे’. चहाची पूड संपली असेल, तर ‘वी हॅव रन आउट ऑव्ह टी’, आणि हे शेवटचे वाक्य म्हटल्यावर लगेच वाण्याच्या यादीत चहाची पूड लिहून टाकावी.