डाउनलोड मधेच अडकतंय? वायटी-डीएलपी रुळावर आणायचा क्रम

इंदुरात मराठी कार्यक्रम ऐकायचे-बघायचे तर आता खरा आधार नेटचाच आहे, आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी इथल्या रेडिओ सेटवर धड लागत नाही आणि सह्याद्रीचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर असतात, म्हणून रामबाग, लोकमान्य नगर इकडच्या बऱ्याच घरांत कुणीतरी एक जण आजी-आजोबांसाठी ते वायटी-डीएलपीनं, म्हणजे यूट्यूबसारख्या साइटवरून व्हिडिओ उतरवणाऱ्या टूलनं, उतरवून पेन ड्राइव्हवर भरून देतो. मग एक दिवस टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथे कमांड टाइप करतो त्या खिडकीत, लाल अक्षरं येतात आणि सगळं बंद. तेव्हा काय बघायचं ते लिहितोय. कमांड इथे बोलतो तशा लिहिल्यात, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

सगळ्यात आधी एरर पूर्ण वाचा, प्लीज. नुसतं "चालत नाहीये" म्हणून काही कळत नाही, आणि बहुतेक वेळा कारण शेवटच्या एक-दोन ओळींत सरळ लिहिलेलं असतं.

४०३ फॉरबिडन (म्हणजे साइटनं फाइल द्यायला नकार दिला) आलं, किंवा कालपर्यंत उतरणारी गोष्ट आज अचानक उतरेना, तर पहिला संशय जुन्या व्हर्जनवर घ्या. हे टूल यूट्यूब-डीएल नावाच्या २००६ च्या प्रोग्रामच्या वंशातलं आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, आणि साइटवाले त्यांच्या बाजूनं सारखे बदल करत असतात त्यामुळे याच्याही नव्या व्हर्जन येत राहतात. टूल सिंगल फाइल म्हणून उतरवलं असेल तर डॅश कॅपिटल यू दिलं की अपडेट होतं. पण उबुंटूवर ॲप्टनं (त्याच्या स्वतःच्या इन्स्टॉलरनं) टाकलं असेल तर तसं होणार नाही, तिथलं पॅकेज बरंच जुनं असतं, ते काढून टाका आणि पिपनं (पायथनच्या इन्स्टॉलरनं) टाका, आणि पिपनं टाकताना नावापुढे चौकोनी कंसात डिफॉल्ट लिहायला विसरू नका. २०२५ च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबसाठी वेगळा जावास्क्रिप्ट रनटाइमही (जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम, उदा. डेनो किंवा नोड) लागतो, तो सापडला नाही अशी वॉर्निंग येत असेल तर डेनो इन्स्टॉल करा, ते आपोआप ओळखलं जातं. नोड असेल तर चालतं पण ते ऑप्शन देऊन चालू करावं लागतं, म्हणून मी डेनोच सांगतो.

दुसरी गोष्ट अगदी बारीक आहे पण लोक यातच अडकतात. प्लेलिस्टमधून कॉपी केलेल्या लिंकमध्ये & हे चिन्ह असतं, आणि लिनक्सच्या शेलला (टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला) त्याचा अर्थ "हे काम मागे चालू दे" असा लागतो, म्हणजे लिंक तिथेच तुटते, खाली चौकोनी कंसात १ आणि पुढे एक नंबर दिसतो आणि अर्धीच लिंक टूलकडे जाते. लिंक नेहमी अवतरणचिन्हांत टाका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर दुहेरीच हवीत, एकेरी तिथे चालत नाहीत.

व्हिडिओ उतरला पण चित्र धूसर, ३६०पीचंच आलं? बहुधा एफएफएमपेग हा वेगळा प्रोग्राम टाकलेला नाहीये. यूट्यूब चांगल्या क्वालिटीचं चित्र आणि आवाज वेगवेगळे देतं, ते जोडायचं काम एफएफएमपेगचं, ते नसलं की टूल आधीच जोडलेली हलकी फाइल उचलतं. एमपीथ्री बनवतानाही तेच लागतं. डॅश कॅपिटल एफ दिलं की कोणकोणते फॉरमॅट आहेत त्याची यादी येते, शंका असेल तर ती बघा.

आता आपल्या मराठीवाल्यांची खास अडचण. एरर येते "फाइल नेम टू लाँग" आणि आपण बघतो तर नाव काही एवढं लांब वाटत नाही! होतं असं की लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे साधारण ८५ चिन्हांतच खेळ संपतो, आणि कीर्तनाच्या व्हिडिओंची नावं तर बुवांच्या नावापासून गावापर्यंत सगळं सांगणारी असतात. डॅश डॅश ट्रिम-फाइलनेम्स आणि पुढे ५० द्या, सुटतं. मी हा ऑप्शन कॉन्फिग फाइलमध्येच (टूलच्या कायमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाकून ठेवलाय.

"तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा" असं आलं तर डॅश डॅश कुकीज-फ्रॉम-ब्राउझर वापरून फायरफॉक्सच्या कुकीज, म्हणजे ब्राउझरनं जपलेली लॉगिनची नोंद, देता येते. विंडोजवर क्रोमच्या कुकीज बहुधा वाचल्या जात नाहीत, २०२४ मध्ये क्रोमनं त्यांचं एन्क्रिप्शन बदललं तेव्हापासून. पण लॉगिन करून धडाधड शेकडो फाइली ओढल्या तर अकाउंट अडकू शकतं, आणि कुकीजची फाइल कुणालाही पाठवू नका, ती म्हणजे तुमच्या घराची किल्लीच आहे. डीआरएम (म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप) लिहिलेलं दिसलं तर विषय सोडा, हे टूल ते उघडत नाही. आणि उतरवलेलं घरात ऐका, परत कुठे अपलोड करू नका, हक्क त्या कलाकारांचे असतात.

रेडिओच्या लाइव्ह स्ट्रीमला शेवट नसतो, म्हणून तिथे मी थेट एफएफएमपेग वापरतो, डॅश टी नंतर सेकंद, एका तासाला ३६००, आणि डॅश सी कॉपी म्हणजे आवाज परत एन्कोड होत नाही. फाइलचा प्रकार एमफोरए ठेवू नका हो, एमकेए ठेवा. एमफोरएची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, पावसाळ्यात मधेच लाइट गेली की "मूव ॲटम नॉट फाउंड" म्हणत ती फाइल उघडतच नाही, एमकेए मात्र जिथवर रेकॉर्ड झालं तिथवर वाजते. आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

एवढं करूनही अडलं तर डॅश व्ही लावून तीच कमांड परत चालवा आणि मदत मागताना आलेला सगळा मजकूर पाठवा, स्क्रीनचा वाकडा फोटो नको. त्यातल्या पहिल्या ओळींतच व्हर्जन, पायथन आणि एफएफएमपेग आहे की नाही ते दिसतं.