कॉसमॉस माजतो, पण फुलत नाही? बियांपासून लावताना या चुका टाळा

झाड छातीपर्यंत पोचलंय, पानं हिरवीकंच, खोड बोटाएवढं जाड, आणि दोन महिने उलटून गेले तरी कळीचा पत्ता नाही. कॉसमॉस लावणाऱ्यांकडून हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. असं पीक शेतात दिसलं की शेतकरी म्हणतात, ‘माजलंय’. कॉसमॉसला हा शब्द अगदी चपखल बसतो.

मी पहिल्यांदा कॉसमॉस लावला तेव्हा वाफ्यात अर्धी माती आणि अर्धं शेणखत भरलं होतं. वर दर पंधरा दिवसांनी पातळ खताचं पाणीही देत होते. रोपं माझ्या खांद्याला लागली, पण फुलं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच आली. त्याच पाकिटातलं एक बी पायवाटेच्या फरशीच्या फटीत पडून उगवलं होतं. रोप जेमतेम वीतभर, पण वाफ्यातल्या भावंडांच्या तीन आठवडे आधी फुललं. त्या रोपाने मला जे शिकवलं, तिथूनच सुरुवात करते.

जास्त खत

कॉसमॉस मूळचा मेक्सिको आणि आसपासच्या भागातला. तिथे तो निचऱ्याच्या, बेताच्या मातीत वाढतो. नत्र (नायट्रोजन) भरपूर मिळालं की तो पानं आणि खोड वाढवत बसतो आणि कळ्यांचं काम लांबणीवर टाकतो. शिवाय अशी झपाट्याने वाढलेली खोडं आतून मऊ राहतात आणि पहिल्या वाऱ्यात आडवी होतात.

ज्या वाफ्यात आधी भाजीपाला किंवा दुसरी फुलझाडं होती, तिथे कॉसमॉससाठी वेगळं खत घालूच नका. माती भुसभुशीत केली की पुरे. कुंडीत मात्र माती मर्यादित असते, म्हणून दोन भाग माती, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू आणि अगदी ओंजळभर गांडूळखत घ्या. माती चिकट असेल तर वाळूचं प्रमाण वाढवा, खताचं नको.

आणि झाड आधीच माजलं असेल तर? खत ताबडतोब थांबवा आणि दोन पाण्यांमधलं अंतर वाढवा. ‘फुलं येण्यासाठी’ म्हणून आणखी एखादं औषध आणून घालायचा मोह होतो, तो टाळा. झाड उपटूही नका. मातीतलं नत्र ओसरलं की उशिरा का होईना, कळ्या धरतात.

पाकीट न वाचता पेरणं

कॉसमॉस म्हणून दोन वेगवेगळी झाडं विकली जातात. गुलाबी, पांढरा, किरमिजी फुलांचा तो कॉसमॉस बायपिनेटस. त्याची पानं शेपूसारखी, दोऱ्याइतकी बारीक. पिवळा, केशरी, शेंदरी तो कॉसमॉस सल्फ्युरिअस. त्याची पानं रुंद, झेंडूच्या पानांची आठवण करून देणारी. पिवळा उष्णता जास्त सोसतो. गुलाबी जातींना कडक उन्हाळ्याच्या धगीत फुलायचं जिवावर येतं.

उंचीकडेही लोक लक्ष देत नाहीत. ‘सेन्सेशन’ ही १९३६ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जाती पारखणाऱ्या अमेरिकन संस्थेचं पारितोषिक मिळालेली जुनी, गाजलेली जात चार फुटांपर्यंत जाते. ती आठ इंची कुंडीत लावली तर झाड कुंडीसकट कलंडतं. बाल्कनीसाठी ‘सोनाटा’सारखी दीड-दोन फुटांची बुटकी जात घ्या, कुंडी किमान दहा-बारा इंची ठेवा, आणि तेवढ्या कुंडीत तीनच रोपं राखा.

बी खोल दडपणं, आणि पाण्यात बुडवणं

कॉसमॉसचं बी सुईसारखं लांबट, किंचित वाकडं, काळपट असतं. हातात घ्यायला सोपं, म्हणून लोक ते बोटाने खोल खुपसतात. पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर माती वर आली की बस. बी आडवं टाकून वर चिमूटभर माती भुरभुरवावी, हलक्या हाताने दाबावी.

पेरण्याआधी माती ओली करून घ्या आणि वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निथळून माती हाताला चिकटेनाशी झाली की, पेरा. पेरून वरून धार सोडली की बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. झारी बारीक छिद्रांची हवी. पाऊस संततधार असताना उघड्यावर पेरू नका, बी कुजतं.

तापमान १८ ते २५ अंश सेल्सिअस असेल तर पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात. थंडीत याहून वेळ लागतो, आणि दव गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर ती पूर्ण सरल्यावरच पेरा, कारण गारठ्यात कोवळी रोपं टिकत नाहीत. दोन आठवडे काहीच हललं नाही तर बियांची परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवड्याभराने सहा-सात रुजल्या तर बी चांगलं आहे, चूक मातीत किंवा पाण्यात आहे. दोन-तीनच रुजल्या तर बी जुनं झालंय. तेच वापरायचं असेल तर दाट पेरा.

उगवलेली रोपं जमिनीलगत बारीक पडून एका रात्रीत माना टाकत असतील तर ती बुरशीची मर आहे. गेलेली रोपं वाचत नाहीत. उरलेल्यांचं पाणी कमी करा, वारा खेळू द्या, आणि पुढच्या वेळी ताजी माती घ्या.

ऊन कमी, दाटी जास्त

खिडकीच्या आत उगवलेली रोपं तीन-चार दिवसांत दोऱ्यासारखी लांब होतात आणि काचेकडे झुकतात. त्यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. कोंब दिसल्या दिवसापासून कुंडी उन्हात न्या. लांबलेली रोपं फेकू नका. दुसऱ्या जागी लावताना दोन बोटं खोल लावली की सावरतात.

विरळणी करताना सगळ्यांचाच जीव हळहळतो, माझाही. पण उंच जातीच्या दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर हवंच. नाहीतर खालची पानं पिवळी पडतात, हवा कोंडते आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, धरते. जादा रोप उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापा. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात. रोपं हलवायची असतील तर तीन-चार खऱ्या पानांच्या जोड्या आल्या की लगेच हलवा. छोट्या ट्रेमध्ये मुळांचा गुंडाळा झाला की ती पुढे वाढायची थबकतात.

शेंडा न खुडणं, आधार उशिरा देणं

रोप फूटभर झालं की शेंडा खुडावा. पानांच्या वरच्या जोडीच्या लगेच वर नखाने किंवा कात्रीने तोडायचं. कॉसमॉसची पानं समोरासमोर येतात, त्यामुळे त्या पेरातून दोन्ही बाजूंनी फुटवे निघतात आणि एका दांड्याचं झुडूप होतं. पहिलं फूल थोडं उशिरा येतं, पण पुढे फुलं कितीतरी जास्त मिळतात. बुटक्या जाती आपणहून पसरतात, त्यांचा शेंडा राहू द्या.

उंच जातींना काठी पेरतानाच रोवा. झाड मोठं झाल्यावर काठी ठोकली तर मुळं फाटतात. आणि पडलेलं झाड ओढून सरळ उभं करू नका. दोन-तीन दिवसांत त्याचे शेंडे आपणच वर वळलेले असतात. ते वाकण सरळ करायला गेलं की खोड कटकन मोडतं. आहे तसंच हलक्या दोरीने सांभाळा.

रात्रीचा दिवा

याचा विचार फार थोडे लोक करतात. कॉसमॉस दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की कळ्यांकडे वळतो. मोठ्या दिवसांच्या काळात पेरलेल्या उंच जाती बरेच दिवस नुसत्या वाढत राहतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. कुंडी रस्त्याच्या किंवा गच्चीच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल तर झाडाला रात्र लहानच वाटते आणि फुलं आणखी लांबतात. खत बेताचं आहे, ऊन भरपूर आहे, तरी कळी नाही, असं असेल तर एकदा रात्री बाहेर येऊन कुंडीवर उजेड पडतो का ते बघा. बुटक्या जाती या बाबतीत फारशा अडून बसत नाहीत.

सुकलेलं फूल समजून कळी कापणं

फुलं सुरू झाली की सुकलेली फुलं सतत काढावी लागतात. बी धरलं की झाड आपलं काम झालं असं समजून फुलणं कमी करतं. पण पाकळ्या गळलेलं बोंड आणि न उमललेली कळी लांबून सारखीच दिसतात, आणि घाईत कळ्याच कापल्या जातात. जवळ जाऊन बघा. कळी गोल, वरून चपटी, बटणासारखी असते. दाबली तर घट्ट लागते, आणि उमलायला आली असेल तर फटीतून पाकळीचा रंग डोकावतो. फुलून गेलेलं बोंड वर निमुळतं होतं आणि आत हिरव्या सुयांची जुडी दिसते. तीन-चार दिवस दोन्ही शेजारी धरून पाहिलीत की नजर बसते. कापताना नुसतं डोकं खुडू नका. देठ खाली पहिल्या पानांपर्यंत कापा, तिथूनच नवा फुटवा येतो.

रोग-किडी

पाण्याच्या अतिरेकानेच जास्त झाडं जातात. वरची इंचभर माती कोरडी झाली की सकाळी बुंध्याशी पाणी द्या, पानांवर नको. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, नाही गेला तर सौम्य साबणाचं पाणी संध्याकाळी मारा. दिवसा फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा काहीही फवारू नका. पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि दाटी कमी करा.

एक लक्षण मात्र गंभीर आहे. पाकळ्यांच्या जागी हिरवी, वेडीवाकडी पानंच येत असतील आणि शेंडे पिवळे, खुरटलेले असतील तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्या अतिसूक्ष्म जंतूंचा, रोग आहे. त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका.

बी ओलं असताना साठवणं, आणि कुठेही उधळणं

बी धरायचं असेल तर हंगामाच्या शेवटची निरोगी, चांगली फुलं झाडावरच वाळू द्या. बोंड तपकिरी होऊन सुया ताऱ्यासारख्या चहूबाजूंनी फाकल्या की बी तयार. बोटांनी हलकं चोळलं की सुटून हातात येतं. सुया हिरव्या असताना काढलेलं बी रुजत नाही. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी येते. कोरड्या, थंड जागी ते तीन-चार वर्षं चालतं. मधमाश्या एका जातीचा पराग दुसऱ्या जातीला लावतात, म्हणून शेजारी पांढरा आणि किरमिजी असतील तर पुढच्या वर्षी रंग मिसळलेले येतील.

उरलेलं बी मोकळ्या माळावर, टेकडीवर, ओढ्याकाठी उधळू नका, आणि रानफुलांच्या नावाखाली तर मुळीच नको. पिवळा कॉसमॉस अनेक उष्ण प्रदेशांत बागेबाहेर पडून माजला आहे आणि तिथल्या गवतांची, स्थानिक फुलांची जागा त्याने घेतली आहे. तुमची बाग रानाला लागून असेल तर पिवळ्याची बोंडं वाळायच्या आधीच कापा.